गुरुवारचा गिअरबॉक्स

दि. ९ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तुम्ही ते न फोडताच खणात टाकाल, या भीतीने पत्ता लॅबच्या प्रिंटरवर छापून चिकटवला आहे. लबाडीच आहे, पण एवढी चालवून घ्या. इकडे आम्ही बऱ्या आहोत. तुम्हीही सगळे बरे असाल.

फोन का नाही केला, असं वाटेल. दोनदा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. गाडीबद्दल बोलायला सुरुवात केली असती आणि भलतीकडेच गेले असते. कागदावर माणूस जरा ताब्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी तुम्हाला जे बोलले, त्याबद्दल हे पत्र नाही. हे पत्र गाडीबद्दल आहे.

हे गेल्यापासून गाडी मीच चालवते. ऑटोमॅटिक आहे, गिअर आपोआप बदलतात, म्हणून जमतं. लॅबने मला आता घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम दिलं आहे. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही अशांची सात-आठ घरं सकाळी करायची, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. गाडी बसली की माझं काम बसलं.

तर झालं असं. गेल्या महिन्यात लॅबशेजारच्या गॅरेजमध्ये गाडी सर्व्हिसिंगला दिली. तुमच्याकडे आणायला हवी होती, असं म्हणू नका. मिस्त्रींनी गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन दाखवलं. काळंकुट्ट होतं आणि करपल्याचा वास येत होता. म्हणाले, "बाई, हे तेल कधी बदललेलंच नाही. खालच्या बोल्टवरचा कंपनीचा रंगसुद्धा शाबूत आहे."

मी म्हटलं, "असं कसं होईल? माझ्या दिरांचं स्वतःचं गॅरेज आहे. आमची गाडी सहा महिने दर गुरुवारी याच गिअरबॉक्ससाठी तिकडे जात होती."

मिस्त्रींनी एकदा बोल्टकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग दीर चहा पाजून परत पाठवत असतील," म्हणाले. त्यांच्या हाताखालचे दोघं हसले. मीही हसले. काय करणार?

तेल बदललं. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवसापासून तऱ्हा सुरू झाली. पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र रांगते. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना कुणी मागून ढकलल्यासारखा झटका बसतो. सकाळी थंड गाडी रिव्हर्सला टाकली की मनात चार अंक मोजावे लागतात, तेव्हा कुठे हलते. आणि परवा पुलाच्या चढावर तिने सरळ हात टेकले. मागे हॉर्नचा गोंधळ, शेजारच्या सीटवर आठ जणांचं रक्त. गाडी दोघातिघांनी कडेला लावून दिली आणि मी डबा छातीशी धरून पंचवीस मिनिटं चालत लॅबमध्ये गेले. तरी एक नळी वाया गेलीच. ऐंशी वर्षांच्या एका आजींना पुन्हा टोचावं लागलं. त्यांनी नुसता हात पुढे केला. त्याचंच जास्त लागलं.

मिस्त्री म्हणतात, जुन्या गिअरबॉक्सला नवं तेल सोसत नाही, आतल्या प्लेटा गेल्या, आता गिअरबॉक्सच बदला. हे खरं असतं का? तुमच्याशिवाय कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवू, ते कळत नाही म्हणून लिहिलं.

उत्तर दिलंत तर उपकार होतील. नाही दिलंत, तर का नाही दिलंत ते मला कळेल.

आपली,
वहिनी


दि. १९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं. गॅरेजच्या जॉबकार्डच्या मागच्या बाजूला सात ओळी, वर नमस्कार नाही, खाली सही नाही. पण चौथी ओळ "केस बांधून घ्या, पंखा फिरत असतो" अशी होती. ती मी लॅबमध्ये उभ्याउभ्या इतक्या वेळा वाचली, की शेजारच्या मुलीने कुणाचा रिपोर्ट आहे म्हणून विचारलं.

तुम्ही लिहिलं होतं तसं सगळं केलं. गाडी इमारतीच्या अंगणात सपाट जागी उभी होतीच. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून गरम केलं. ब्रेकवर पाय दाबून दांडा एकेका गिअरमध्ये फिरवला आणि पार्किंगला आणून सोडला. इंजिन बंद केलं नाही. केस बांधले. बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल फक्त टोकाला लागलं होतं! खालच्या खुणेच्याही बोटभर खाली. मग माझ्याच समाधानासाठी इंजिन बंद करून थोड्या वेळाने पाहिलं, तर पट्टी भरलेली.

आई खिडकीतून बघत होत्या. "हे असं चालू गाडीत हात घालायला कुणी शिकवलं तुला?"

"एका ओळखीच्या मिस्त्रींनी," मी म्हटलं.

त्या कठडा धरून, एकेक पायरी करत खाली आल्या आणि अंगणातल्या बाकावर बसल्या. त्यांना वाटलं असेल, हिचा पदर पंख्यात गेला तर ओरडायला तरी कुणी हवं.

मिस्त्रींना फोन करून घरीच बोलावलं. ते वैतागूनच आले. आल्या आल्या बंद इंजिनवर पट्टी काढून माझ्या नाकासमोर धरली. "बघा, भरलेलं आहे. मी काय काल शिकलो का हे काम?" तोवर वरच्या मजल्यावरचे दोघं-तिघं गॅलरीत आले होते. मी म्हटलं, "आता तीच पट्टी चालू इंजिनवर काढा."

त्यांनी काढली. बघितली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा बघितली. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई, चूक माझी. इंजिन बंद असलं की तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. मी तसंच मोजून तेल भरलं. तेव्हा घाईत होतो. आणि चढावर गाडी अडली ती माझ्यामुळे."

वर गॅलरीत कुणीतरी खोकलं. मिस्त्रींनी तिकडे लक्षही दिलं नाही. जाऊन योग्य तेल आणलं, थोडं थोडं घालत, दर वेळी चालू इंजिनवर मोजत जवळपास दीड लिटर भरलं आणि स्वतः बाजूला बसून मला चक्कर मारायला लावली. गाडी निघाली. चढही चढली. दुसऱ्या गिअरला मात्र अजून किंचित झटका आहे. तेवढ्याचं काय करायचं, ते लिहा.

ते गेल्यावर आई म्हणाल्या, "असा माणूस बरा. बोलून मोकळा झाला."

त्या सहज म्हणाल्या. पण मी चहा अर्धाच टाकून उठले.

भाऊजी, दर गुरुवारी संध्याकाळी हे घरी येऊन काय सांगायचे, ते तुम्हाला माहीत आहे का? गुरुवार त्यांच्या छापखान्याची सुट्टी. जेवताना वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने चाकं काढून मला गिअरबॉक्स समजावायचे. "आज खालचं पॅन उघडलं. आत एक चुंबक असतो, त्याला लोखंडाच्या भुकटीची मिशी आली होती." पुढच्या गुरुवारी, "आज तेल बदललं, पण धाकटा म्हणतो, अजून एकदा बदलावं लागेल." ज्या माणसाला पंक्चर काढायला शेजारचे लागायचे, तो माझ्यापुढे प्लेटा आणि पंप असं बोलायचा! हे सगळं तुम्हीच पढवत असणार. त्यांच्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली, तुम्ही पलंगाजवळच्या स्टुलावर, आणि आज घरी जाऊन काय सांगायचं याचा धडा चाललेला. हे चित्र मी खूप वेळा डोळ्यांपुढे आणलं आहे. दर वेळी त्यात तुम्ही दोघं हसत असता.

ते गुरुवार गॅरेजचे नव्हते, रक्त चढवायचे होते, हे मला शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी फाइल उघडली तेव्हा कळलं. असं सगळे समजतात.

पुढच्या घरी जायची वेळ झाली. इथेच थांबते.

वहिनी


रविवार, ३ मार्च

प्रिय भाऊजी,

"झटका थोडे दिवस राहील. दीड-दोनशे किलोमीटर सावकाश चालवा, मग बघू. आईचे गुडघे कसे आहेत?"

तुमच्या दुसऱ्या उत्तरात एवढंच होतं. मी आई कठडा धरून खाली आल्या असं लिहिलं आणि तुम्ही त्यातून गुडघे ओळखलेत. दोन वर्षं ज्या आईने तुम्हाला दाराबाहेर ठेवलं, तिचे गुडघे तुम्ही मला विचारता. तीन दिवस ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले.

आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही, म्हणून चुका झाल्या तरी खोडणार नाही.

मला माहीत होतं.

शेवटच्या दिवशी नव्हे. तिसऱ्या गुरुवारपासून.

हे अंघोळ करून बाहेर आले, बनियन घालताना डावा हात वर गेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला मला निळा डाग दिसला. मी विचारलं, "काय लागलं?" म्हणाले, "स्पॅनर घसरला धाकट्याच्या हातून." भाऊजी, मी वीस वर्षं लोकांच्या शिरा शोधते आहे. स्पॅनरचा डाग आणि सुईचा डाग मला वेगळा कळत नाही? टोचणाऱ्याची पहिल्यांदा शीर हुकली होती, दुसऱ्यांदा लागली होती, इतकंसुद्धा मला दिसलं. माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं असेल? मी टोचलं असतं तर हुकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी केलेला रिपोर्ट सापडला. तो दुसऱ्या लॅबचा होता. माझ्या लॅबमध्ये आले असते तर नळी माझ्याच हातात आली असती, म्हणून दूर गेले असणार. मी आकडे वाचले. त्या आकड्यांचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. असे आकडे मी रोज लाल पेनाने गोल करून डॉक्टरांना वर पाठवते. मी घडी होती तशी घातली, शर्ट खुंटीला लावला आणि त्या दिवशी तो धुतलाच नाही. धुतला असता तर खिसा तपासला होता हे त्यांना कळलं असतं.

मी का बोलले नाही? दोन वर्षं मी स्वतःला वेगवेगळी कारणं दिली. खरं कारण सांगते. ते गुरुवारी घरी यायचे तेव्हा गालावर रंग असायचा. नवं रक्त असायचं ना अंगात. त्या संध्याकाळी ते खूप बोलायचे, दोनदा भात मागून घ्यायचे, वर्तमानपत्रावर चाकं काढायचे. मी तोंड उघडलं असतं, तर ती संध्याकाळ आजारी माणसाची झाली असती. त्यांना वाटायचं, ते मला वाचवताहेत. मला वाटायचं, मी त्यांना. शुक्रवारी सकाळी मी देवघरातल्या देवासारखं ते वर्तमानपत्र उचलून कपाटात ठेवायचे. बावीस आहेत. कुणाला दाखवलेली नाहीत.

आणि भीतीही होती. ती वगळली तर हे पत्र पुन्हा खोटं होईल. मी रोज परक्या माणसांच्या पलंगाशी जाते, पण त्यांच्या पलंगाशी बसायचं बळ माझ्यात नव्हतं. ते तुम्ही केलंत. मी घरी बसून गिअरबॉक्सची गोष्ट ऐकली.

मग तो व्हरांडा. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "सहा महिने येत होते, घरच्यांना कल्पना असेलच." आई माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?" मला फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पण आईंचा तो चेहरा बघून मी बोट तुमच्याकडे केलं. "यांना विचारा. यांनी माझे सहा महिने चोरले." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि खाली बघितलंत. हातातली त्यांच्या चपलांची पिशवी बाकावर ठेवलीत आणि निघून गेलात. आईंनी त्याच दिवशी सांगितलं, धाकट्याने या घरात पाऊल टाकायचं नाही. मी तेव्हाही गप्प. त्यानंतरचे सातशे-आठशे दिवस रोज गप्प.

मिस्त्री पाच मिनिटांत बोलून मोकळे झाले, भाऊजी. गॅलरीत माणसं उभी असताना.

परवा दुपारी आई मटार सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. डाग, रिपोर्ट, शर्ट, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटची शेंग सोलून झाली तेव्हा त्यांनी सालं एका बाजूला लोटली.

"म्हणजे दोन वर्षं मी माझ्या पोराला विनाकारण..." एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. उठताना गुडघ्यात कळ आली, मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. दीड दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट खोलीत नेऊन जेवल्या. मी दाराबाहेर बसून राहायचे, त्या आत चालत असल्याचा आवाज ऐकत.

काल संध्याकाळी बाहेर आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "मोठ्याला तू काही बोलली नाहीस, त्याबद्दल मी तुला बोलणार नाही. त्याला हवं तसं त्याने केलं, तूही त्याला करू दिलंस. नवरा-बायकोतलं आहे. पण धाकट्याचं काय केलंस तू?"

"आई, चुकले."

"मला नको सांगू. मी पण त्याला दार लावलं. विचारलं का मी त्याला एकदा तरी?" मग गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "उद्या मला घेऊन चल त्याच्याकडे. गाडी तेवढी जाईल ना?"

"जाईल," मी म्हटलं. "सावकाश जाईल."

"आधी मी आत जाणार. तू मागून ये. त्याने बोलावलं तर."

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. सकाळी उठून लिहिते आहे, आई आत तयार होताहेत. तिसऱ्यांदा साडी बदलली आहे. तासाभरात आम्ही निघू. पत्र त्यांच्या हातात देईन. निघण्याआधी त्यांना ते वाचून दाखवेन. गुडघे वाईट आहेत, तुमच्या गॅरेजच्या तीन पायऱ्या त्यांना चढवणार नाहीत, तेव्हा त्यांना उभं ठेवू नका, आधी बसवा आणि मग वाचा.

माफ करा असं लिहिणार होते. पण माफीचं ओझं पुन्हा तुमच्यावरच पडतं. तुम्ही माफ केलं नाही तर लोक म्हणतील, मोठ्या मनाचा नाही. तेव्हा ते मागत नाही. ज्या-ज्या माणसासमोर मी तुमच्याकडे बोट केलं, त्या प्रत्येकाला मी स्वतः जाऊन खरं सांगणार आहे. यादी केली आहे. नऊ जण आहेत. तुमच्या बायकोपासून सुरुवात करायची आहे, तिने माझ्यामुळे सर्वांत जास्त ऐकून घेतलं.

एकच विचारायचं आहे, आणि ते फक्त तुम्हालाच विचारता येतं. मला कळलं आहे, हे यांना कळलं होतं का? त्या स्टुलावर बसून कधी बोलणं झालं का? शेवटच्या एका गुरुवारी चाक काढता काढता थांबून ते माझ्याकडे बघून नुसते हसले होते. "पुढचं तुला समजतंच आहे," म्हणाले. ते गिअरबॉक्सबद्दल होतं की नाही, याचा मी दोन वर्षं विचार करते आहे. माहीत असेल तर सांगा. नसेल तर नाही म्हणा, माझ्या समाधानासाठी काही रचू नका. रचलेलं आपल्या घरात पुष्कळ झालं.

मी तुमच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसलेली आहे. तुम्ही हे वाचत असताना मला तुमचं दार दिसत असेल. नाही आलात तर समजेन, संध्याकाळी आईंना घ्यायला येईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सोडायला. तुमच्या-त्यांच्यामध्ये मी आता येणार नाही.

आलात तर मात्र तुमच्याजवळ बसून एकदा रडायचं आहे. यांच्यासाठी मी अजून कुणाजवळ रडलेले नाही.

बाहेर आहे.

तुमची चुकलेली
वहिनी